घराचा अंगलेप : माती, चुना आणि तेल

मराठी मुलखातील गावाची जमीन जुन्या काळापासून दोन नावांनी ओळखली जात आली आहे : काळी आणि पांढरी. जिच्यात पीक घ्यावयाचे ती काळी. जिच्यावर घरे बांधून राहावयाचे ती पांढरी. गावकीच्या जुन्या कागदपत्रांत हे दोन शब्द जोडीने येतात. त्यांत शेतीचे ज्ञान आहे, तसेच घरबांधणीचेही आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात तडकते. ती कपाशीला आणि ज्वारीला मानवते, भिंतीला मानवत नाही. पांढरी माती पाण्याने फारशी फुगत नाही. म्हणून पठारावरील धाब्याच्या घरांना तीच उपयोगी पडली. आपल्या बेळगाव जिल्ह्यात पूर्वेकडे काळ्या मातीचे रान पसरलेले आहे, तर पश्चिमेकडे खानापूरच्या बाजूस तांबडी माती आणि जांभा दगड आढळतो. अर्थात दोन्हीकडच्या जुन्या घरांचे रूपही वेगळे आहे.

ही जुनी घरे आज गावोगावी दुरुस्त होत आहेत. पुष्कळदा मालक मोठ्या हौसेने मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून घेतो आणि त्यावर झुळझुळीत तैलरंग देतो. पहिले वर्ष घर नव्यासारखे दिसते. मग काही पावसाळ्यांनंतर भिंतीला फुगवटे येतात, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि आतली माती भुसभुशीत झालेली आढळते. खर्च झाला, श्रम झाले आणि भिंत मात्र पूर्वीपेक्षा दुबळी झाली. असे का व्हावे? मातीच्या घराला कोणता लेप द्यावा, कोणता देऊ नये आणि का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मातीची प्रकृती

घराच्या कामी येणाऱ्या मातीत मुख्यतः तीन घटक असतात : वाळू, गाळ आणि चिकणमाती. वाळू हा भिंतीचा सांगाडा होय. चिकणमाती हा त्या सांगाड्याला जखडून ठेवणारा चिकट पदार्थ. ती अतिशय सूक्ष्म आणि चपट्या कणांची बनलेली असते. या कणांच्या मध्ये पाणी शिरले, की ते एकमेकांवरून घसरू लागतात आणि मातीला हवा तो आकार देता येतो. पाणी उडून गेले, की कण जवळ येऊन घट्ट बसतात. काळ्या मातीतील चिकण कण आपल्या पदरांच्या आतसुद्धा पाणी ओढून घेतात, म्हणून ती अतिशय फुगते. कुंभाराच्या मातीत असे फुगणे फार थोडे असते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. सिमेंट रासायनिक क्रियेने घट्ट होते आणि एकदा घट्ट झालेले सिमेंट पुन्हा मऊ होत नाही. माती केवळ वाळून घट्ट होते. पुन्हा पाणी मिळाले, की ती पुन्हा मऊ होते. ही मातीची उणीव आहे आणि हाच तिचा मोठा गुणही आहे. पडलेल्या भिंतीची माती भिजवून तीच पुन्हा वापरता येते. भेग पडली, तर ओल्या हाताने ती बुजवता येते. शिवाय अशी भिंत हवेतील बाष्प आत घेते आणि हवा कोरडी झाली, की ते परत सोडते. मातीच्या घरात उकाडा कमी जाणवतो, त्याला भिंतीच्या जाडीबरोबर हा गुणही कारण आहे.

पाण्याची वाट

मातीच्या घराचे संरक्षण म्हणजे पाण्याची वाट ओळखणे. पाणी तीन वाटांनी येते : आकाशातून पावसाच्या रूपाने, जमिनीतून ओलाव्याच्या रूपाने आणि घरातून वाफेच्या रूपाने. पहिल्या वाटेवर पुढे आलेले छप्पर उभे राहते; त्याच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडल्या पाहिजेत. दुसऱ्या वाटेवर दगडी जोते उभे राहते. घाटमाथ्यावर आणि कोकणात, जेथे वाऱ्याबरोबर पावसाची झड आडवी येते, तेथे पडवी हा केवळ बसण्याचा सोपा नसून भिंतीवरचे पांघरूण आहे. जोते नसेल आणि छप्पर आखूड असेल, तर जगातील कोणताही लेप ते घर वाचवू शकणार नाही. लेपाचा क्रम या दोघांच्या मागून लागतो.

तिसरी वाट सहसा दुर्लक्षित राहते. चुलीवरचा भात, न्हाणीघरातील ऊन पाणी आणि घरातील माणसांचा श्वास यांची वाफ भिंतीत शिरते. काही ओल जोत्यातूनही वर चढते. ही सारी ओल बाहेरच्या पृष्ठभागावरून हवेत निघून जावयास हवी. भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग चढविला, म्हणजे हा दरवाजाच बंद होतो. शिवाय ओलावा आणि ऊन यांमुळे सिमेंट आणि माती सारख्या प्रमाणात प्रसरण व आकुंचन पावत नाहीत. त्यामुळे गिलाव्याला बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून पावसाचे पाणी आत जाते आणि परत येऊ शकत नाही. गिलावा बाहेरून धड दिसतो, पण त्याच्या पाठीमागे भिंत कुजत असते. सिमेंट हे वाईट द्रव्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ते आपल्या जागी उत्तम आहे. मातीच्या पाठीवर मात्र त्याची जागा नाही.

असाच धडा आपल्याला अजिंठ्याच्या लेण्यांतून मिळतो. तेथील चित्रे दगडावर रंगविलेली नाहीत. दगडावर वाळू, वनस्पतींचे तंतू आणि माती यांचा गिलावा दिलेला आहे, त्यावर पांढरा पातळ थर आहे आणि त्या थरावर चित्रे आहेत. अजिंठा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची डागडुजी करविली. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा जागी बसविला, ही त्यांची मोठी कामगिरी होय. परंतु रंग टिकावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले. कालांतराने ते रोगण पिवळे पडून काळवंडले, त्यावर धूळ बसली आणि चित्रे झाकोळून गेली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते रोगण काळजीपूर्वक काढण्याचे काम वर्षानुवर्षे करावे लागले. हेतू शुद्ध होता आणि हात कुशल होते. तरीही मातीच्या अंगावर चढविलेल्या त्या आवरणाची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागली.

शेण, गेरू आणि चुना

आपल्या पूर्वजांनी मातीवर जे लेप दिले, ते बहुतेक सर्व बाष्पाला वाट देणारे आहेत. त्यांतील सर्वांत परिचयाचे सारवण होय. शेणात गवताचे न पचलेले बारीक तंतू असतात. ते मातीत मिसळले, की वाळताना पडणाऱ्या भेगांना अटकाव करतात आणि पृष्ठभाग धूळ न उडणारा होतो. सारवण फार काळ टिकत नाही, हे खरे. पण ते झिजते, तेव्हा भिंत किंवा भुई झिजत नाही. लेपाने स्वतः झिजावे आणि घराला राखावे, हेच त्याचे काम आहे.

रंगासाठी गेरू, काव आणि पिवळी माती ही द्रव्ये वापरली जात. यांचा रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो आणि तो उन्हाने विटत नाही. गोमंतकात आणि दक्षिण कोकणात देवळांच्या भिंतींवर जे कावी काम आढळते, त्यात चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काव देऊन ती कोरून काढतात आणि खालच्या पांढऱ्या थरातून वेलबुट्टी व देवादिकांच्या आकृती उमटवितात.

चुना हा लेप मातीपेक्षा टिकाऊ असतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली, की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला, की हवेतील तोच वायू परत शोषून घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे चुन्याचा हात देणे म्हणजे भिंतीवर दगडाचा एक अतिशय पातळ पापुद्रा चढविणे होय. हा पापुद्रा सच्छिद्र असतो. त्यातून बाष्प जाऊ शकते. जुने गवंडी चुन्याच्या गिलाव्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ घालीत. चुन्याच्या निवळीत थोडे जवसाचे तेल घोटले, तर वाळलेल्या थरावरून पावसाचे थेंब अधिक सहज ओघळून जातात.

तेलाची दोन कुळे

तेल म्हटले, म्हणजे सर्व तेले सारखीच, असा पुष्कळांचा समज असतो. स्वयंपाकघरात तो चालून जाईल. घरबांधणीत चालणार नाही. खोबरेल काचेवर चोपडून ठेवले, तर ते महिन्यानंतरही ओलेच राहते. जवसाचे तेल तसेच चोपडून ठेवले, तर काही दिवसांत त्याची चिवट साय बनते आणि ती बोटाला लागत नाही. पाणी वाळते, तेव्हा त्याची वाफ होते आणि वजन घटते. जवसाचे तेल वाळते, तेव्हा ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्याचे वजन काही काळ वाढते. तेलाचे रेणू प्राणवायूच्या साहाय्याने एकमेकांना सांधले जाऊन त्यांची जाळी तयार होते. म्हणून 'तेल वाळले' असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर ते विणले गेलेले असते.

कोणते तेल कितपत वाळेल, याचा अंदाज आयोडीन अंकावरून बांधता येतो. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन ग्रहण करते, तो हा अंक होय. खोबरेलाचा अंक सुमारे १०, भुईमुगाच्या तेलाचा सुमारे ९०, तिळाच्या तेलाचा सुमारे ११०, करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलाचा सुमारे १४५ आणि जवसाच्या तेलाचा सुमारे १८० असतो. साधारणपणे १३० च्या वरचे तेल वाळणारे समजावे. आपल्या कोरडवाहू रानात ही दोन्ही वाळणारी तेले पिकतात, ही मोठी सोयीची गोष्ट आहे. विदर्भात आणि माळव्यात जवस हे रब्बीचे जुने पीक आहे.

हे ज्ञान फार प्राचीन आहे. अफगाणिस्तानातील बामियान येथील गुहांत मातीच्या गिलाव्यावर काढलेली सातव्या शतकाच्या सुमाराची चित्रे आहेत. त्यांपैकी काहींत अक्रोडाच्या किंवा खसखशीच्या तेलासारखी वाळणारी तेले वापरलेली आहेत, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आढळले. 'रोगण' हा आपल्या नित्य वापरातील शब्दही फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ तेल असाच आहे. कच्छमधील निरोणा गावी एरंडेल दीर्घ काळ उकळून घट्ट करतात आणि त्याने कापडावर नक्षी काढतात. त्या कलेला रोगण असेच नाव आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेले लिनोलियम हे जमिनीवर अंथरावयाचे आच्छादनही वाळलेल्या जवसाच्या तेलापासूनच बनते आणि त्याच्या नावात जवस व तेल या अर्थांचे दोन लॅटिन शब्द आहेत.

तेल कोठे लावावे?

आता मुख्य प्रश्न. वाळलेले तेल पाण्याला अडविते, तसेच ते बाष्पालाही बरेचसे अडविते. म्हणून सबंध मातीच्या भिंतीला तेल पाजणे योग्य नव्हे. सिमेंटच्या गिलाव्याचाच दोष त्यात काही अंशी येतो. तेलाच्या जागा तीन : लाकूड, चुन्यातील अल्प मिश्रण आणि मातीची भुई.

लाकडाच्या बाबतीत सुतार व रंगारी 'बेलतेल' वापरतात. ते उकळलेले जवसाचे तेल होय. बेलाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. खांब, तुळया आणि दारे यांना ते पातळ हाताने लावावे. किनाऱ्यावर काजूच्या बियांच्या टरफलांचे काळे तेलही लाकडाला लावतात. ते वाळवीला दूर ठेवते. परंतु कातडीला लागल्यास फोड येतात, म्हणून ते उघड्या हाताने हाताळू नये.

मातीच्या भुईला तेल देण्याची रीत अलीकडे अनेक देशांतील बांधकाम करणाऱ्यांनी पुन्हा उपयोगात आणली आहे. प्रथम खडी आणि मुरूम चोपून पाया कोरडा करावा. त्यावर वाळू, चिकणमाती आणि बारीक कापलेला पेंढा यांचा थर घोटून गुळगुळीत करावा. तो पूर्णपणे वाळू द्यावा, ही सर्वांत महत्त्वाची अट होय. ओल आत राहिली, तर तेल तिला कोंडून टाकते. नंतर कोमट जवसाच्या तेलाचे चार ते सहा हात द्यावे. शेवटचे हात टर्पेंटाइनने पातळ करून द्यावे, म्हणजे ते आत शिरतात. भुई तेल पिण्याचे थांबली, की वर राहिलेले तेल लगेच फडक्याने पुसून घ्यावे. नाही तर ते चिकट राहते. काही आठवड्यांत ही भुई कठीण होते आणि ओल्या फडक्याने पुसता येते. ज्या घरात जमिनीतून ओल वर येते, तेथे मात्र ही रीत अवलंबू नये. तेथे श्वास घेणारे सारवणच बरे.

सावधगिरी

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नये. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून ढिगाने ठेवली, तर तेल वाळताना निघणारी उष्णता आतच साठते आणि काही तासांत काडी न लावता फडकी पेट घेऊ शकतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी एका ३८ मजली इमारतीला अशाच फडक्यांमुळे आग लागली आणि तीत तीन अग्निशामक जवानांचा मृत्यू झाला. म्हणून काम संपताच फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

दुसरी गोष्ट, पूर्वी तेल लवकर वाळावे म्हणून ते मुरदाडशिंग घालून उकळीत. मुरदाडशिंग हे शिशाचे संयुग असून ते विषारी आहे. मुलांच्या बुद्धीला शिसे विशेष घातक असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. जुन्या दारांवरचा रंग खरवडताना हे स्मरणात ठेवावे. तिसरी गोष्ट शेणाची. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हाताला जखम असताना सारवू नये आणि नवजात बाळाच्या नाळेला शेणाचा स्पर्श कदापि होऊ देऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

एकाच मातीच्या चार सारख्या वड्या करून त्या सावलीत पूर्णपणे वाळवाव्या. पहिली तशीच ठेवावी, दुसरीला चुन्याचे तीन हात द्यावे, तिसरीला खोबरेल आणि चौथीला जवसाचे तेल पाजावे. तीन आठवडे थांबून प्रत्येकीवर पाण्याचे थेंब एकसारख्या अंतराने सोडावे आणि ती किती थेंबांनंतर खचू लागते, हे वहीत लिहावे. त्याबरोबरच दोन काचपट्ट्यांवर दोन्ही तेले पातळ चोपडून प्रयोगशाळेतील तराजूत रोज त्यांचे वजन करावे. पुस्तकातील विधान आणि तराजूचा काटा यांची गाठ आपल्या डोळ्यांनी पाहण्यात वेगळाच आनंद आहे. तेलाची फडकी मात्र वर सांगितल्याप्रमाणे शिक्षकांच्या देखत वाळवावी.

लेप आणि हात

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगाव येथे राहावयास आले. १९४० साली त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील बापू कुटीच्या भिंती मातीच्या आहेत आणि मीराबेन यांनी त्यांवर हाताने उठावाची चित्रे घडविली आहेत. ती कुटी आजही उभी आहे, ती कोणत्या एका अभेद्य लेपामुळे नव्हे. तिची वेळच्या वेळी निगा राखली जाते, म्हणून. मातीचे घर एकदा बांधून विसरण्याचे नसते. दिवाळीपूर्वी भिंत पोतारावी, पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवाव्या आणि कौले पाहावी, हा त्याचा वर्षाचा क्रम आहे.

या क्रमाचा भार मात्र आजवर घरातील बायकांनीच वाहिला. पहाटे उठून पोतेरे फिरविणारा हात आईचा किंवा आजीचा असे. त्या हाताला माती किती, शेण किती आणि पाणी किती, हे वजन न करता कळत असे. त्यांची गुडघेदुखी आणि पाठदुखी मात्र कोणी हिशेबात धरली नाही. आज त्या फरशीची इच्छा करतात, यात त्यांची काय चूक? जुना लेप टिकावा असे ज्याला वाटते, त्याने त्याचे कौतुक करून थांबू नये. पोतेरे स्वतः हाती घ्यावे. घरात आजी असेल, तर येत्या सुटीत मुलामुलींनी तिच्याकडून मातीचे प्रमाण विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे. ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही, कारण प्रत्येक गावची माती वेगळी आहे.